दोन पाण्याची वाट

सुकरूभाऊ गेल्याचं पत्र मला नैरोबीत मिळालं, तोवर तिकडे अहेरीला त्यांची तेरवीही उरकली होती. लाकडं चिरायची आरामशीन बंद करून बाहेर येऊन बसलो... डोळे भरले, आणि थोड्या वेळानं चक्क हसू यायला लागलं. या माणसाची आठवण रडत काढणं मला काही जमत नाही.

सुकरूभाऊ गाडीवान. जंगलातून सागाचे लठ्ठे डेपोत आणायचे. मी चौथीतून शाळा सोडली अन् मोठा झालो तो त्याच डेपोत राबत. पुढं आमच्या ठेकेदाराच्या आफ्रिकेतल्या भावाला लाकूड ओळखणारा माणूस हवा होता, अन् नेमकं माझं नाव निघालं. घरचे खूश, माझं मात्र मन होईना. त्यात डेपोचा हिशेब बघणारे मुनीमजी म्हणाले, मुंबई ते नैरोबी जवळपास तीन हजार मैल, विमानानंही अख्खा दिवस जातो. मी मनाशी ठरवलं, नाही म्हणून सांगायचं.

"काऊन रे, तोंड पाडून बसला?" भाऊंनी विचारलं.

"मले भेव लागते भाऊ. लई दूर हाये."

आमच्याकडचे गाडीवान वाट मैलांत मोजत नसत. बैल सोडून पाणी पाजायचं, ते थांबे मोजत. भाऊ मुनीमजींकडे वळले. "इमान पाणी कुठी पेते जी?"

"पेट्रोल घ्याले उतरते. कराचीले अन् एडनले."

"म्हंजे दोन पाणी!" भाऊंनी मांडीवर थाप मारली. "अबे, इथून बल्लारशाले पाच पाणी लागतेत. तिथी तू माह्या गाडीत घोरत गेलता, अन् दोन पाण्याले रडून राह्यला?"

अख्खा डेपो हसला. मीही हसलो. तीन हजार मैल डोक्यात मावत नव्हते, दोन पाणी मावली.

निघताना भाऊंनी लाखोळीच्या डाळीच्या वड्यांच्या दोन पुड्या दिल्या, एकेका पाण्याची एक. "पह्यला घास हाकणाऱ्याचा. इसरू नको." ही गाडीवाटेची रीतच. धूळ तो खातो, म्हणून आधी तो जेवतो.

कराचीला उतरलो. पुन्हा विमानात चढायची हिंमतच होईना. पण रीत ती रीत... शिडीपाशी खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला वैमानिक उभा होता, त्याच्यापुढं पुडी धरली. मिरचीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं दुसरा वडा उचलला, अन् हसत हसत माझ्या पाठीवर हात ठेवून मला वर चढवलं. एडनला तर तोच मला शोधत आला!

रजेवर गेलो तेव्हा हे सांगितलं, तर भाऊंनी अहेरीच्या बाजारात ज्याला त्याला अडवलं. "इमानवाला आमच्या घरचे वडे मांगून खाते जी!"

आज माझ्या घरची चूल पेटते ती भाऊंच्या त्या एका थापेमुळं. विमानाची भीती कधीच गेली, पण ते वर चढू लागलं की मी नकळत पुढं वाकतो. घाटाच्या चढावर भार मागं जाऊन गाडीचं जू वर उचलायला लागलं की भाऊ ओरडायचे, "पुढं सरका रे, गाडी उलार होईल!" मागच्या खेपेला शेजारच्या साहेबांनी काळजीनं विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, "बरं आहे जी. तुम्हीही जरा पुढं सरका."

ते सरकले.