धुवणाची बादली

माझ्या घरापुढे हरळीचा एक चौकोन आहे. कॉलनीत त्याला सगळे लॉन म्हणतात, म्हणून मीही म्हणते. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर नंदुरबारला हे घर बांधलं, तेव्हा नर्सरीतून हरळीच्या लाद्या आणून मी तो हौसेनं लावला होता. माझा मोठा भाऊ रनाळ्याहून वास्तुशांतीला आला आणि फाटकातच थांबला. आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचं उभं आयुष्य कापसात आणि मिरचीत गेलं, आणि त्या शेतातला त्यांचा एक नंबरचा वैरी म्हणजे हरळी. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "आबानी जलम हरळी उपटामां काढा, नि तू ती इकत लई उनी?"

सगळे हसले, मीही हसले. तेव्हा त्या हसण्यात काही लागण्यासारखं नव्हतं. आता मात्र त्या चौकोनाकडे पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगायला बसले आहे. कॉलनीत अजून हे कुणालाच नीट माहीत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. पाऊस दगा देऊन गेला होता. संक्रांतीनंतर नळ दिवसाआड सोडून चार दिवसांनी यायला लागले, आणि होळीनंतर आठवड्यातून एकदा. नगरपालिकेनं हिरवळीला, बागेला, गाड्या धुवायला नळाचं पाणी वापरायला बंदी घातली. ती बंदी पाळली जाते की नाही हे बघायला कॉलनीनं तिघांची समिती नेमली. मी त्यात असणारच. चाळीस वर्षं पोरांना शिस्त लावण्यात गेली, ती खाज निवृत्तीनं थोडीच जाते. सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. मी मोठ्या पुठ्ठ्यावर, ठळक आणि वळणदार लिहिलं: "नळाचे पाणी हिरवळ, बाग व वाहनांसाठी वापरू नये. झाडांना पाणी द्यायचेच असल्यास घरातील वापरलेले पाणी द्यावे." पुठ्ठा कॉलनीच्या मोठ्या फाटकावर टांगला, आणि लांब जाऊन तो दुरून वाचता येतो का तेही बघितलं.

सकाळी मी फेरी मारायची. कुणाच्या अंगणात ओल दिसली की बेल वाजवायची. समोरच्या घरात मिरचीचे जुने व्यापारी राहतात, वयानं माझ्याहून मोठे. दारातल्या मोगऱ्याला ते पाइपनं पाणी देत होते. मी त्यांनाही सोडलं नाही. त्यांनी लगेच तोटी बंद केली. "बाई, आप सही बोल रही हो," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा मोगरा पंधरा दिवसांत वाळून काटक्या झाला. मी स्वतःचा पाइप गुंडाळून ओट्यावर खिळ्याला अडकवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. बाईंनी आधी स्वतः पाळलं, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं.

लॉन मात्र पिवळं पडत चाललं. कॉलनीतली बाकीची चार लॉनं आधीच वाळली होती. माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. नियमाचा काना-मात्रा न मोडता आपलं लॉन हिरवं ठेवून दाखवायचं. वापरलेलं पाणी तर चालतं ना? मीच तर लिहिलंय. आंघोळीचं पाणी मोरीतून सरळ गटारात जायचं, ते अडवायची सोय नव्हती. कपड्यांच्या पाण्यात सोडा असायचा, त्यानं गवत जळायचं. राहिलं धुवण.

धुवण म्हणजे डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, आणि साबण लावण्याआधी ताटं-पातेली विसळलेलं पाणी. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई ते रोज एका बादलीत धरायची आणि काम संपलं की डोक्यावर घेऊन जायची. रेल्वे रुळांच्या पलीकडच्या भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, तिचं घर. घरी एक बकरी होती, तिच्यासाठी. आमच्याकडे ती नऊ वर्षं येत होती आणि नऊ वर्षं बादली नेत होती. धुवण भांडी घासणारीचं, ही काही कुणी ठरवून दिलेली गोष्ट नाही. रनाळ्याला आमच्या दावणीला दोन म्हशी होत्या, तरी माझी आई त्यांच्यापुढे कधी धुवण ओतायची नाही. "ते तिन्हं शे," म्हणायची. मी हे बघत लहानाची मोठी झाले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

पहिल्यांदा मी अर्धी बादली मागितली. तिनं दिली. चार दिवसांनी मी म्हटलं, आता सगळंच लॉनला घालत जा.

ती उकिडवी बसून तवा घासत होती. हात थांबला. म्हणाली, "बाई, मंग बकरीले काय पाजू? ती गाभन शे. टँकरनं पानी मानसेसलेच पुरत नही."

ते खरं होतं. त्यांच्याकडे चार दिवसांनी टँकर यायचा, माणशी हंडे मोजून मिळायचे, आणि बकरीसाठी कुणी वेगळा हंडा देत नव्हतं. ती एक बादली म्हणजे तिच्या बकरीचं प्यायचं पाणी. उन्हाळा काढला तर बकरी विणार होती आणि घरात दूध येणार होतं. तिच्या सुनेचं बाळ तान्हं होतं, सुनेला दूध पुरत नव्हतं. हे सगळं तिनं मला आधीच सांगितलेलं होतं, सांगताना खूश होती.

मला काय झालं ते मला अजून कळत नाही. तिच्याशी मी नेहमी आमच्या अहिराणीतच बोलते. त्या दिवशी मात्र मी वर्गात बोलावं तशी बोलले. म्हटलं, "हे बघ, हे मी म्हणत नाही. नियमच तसा आहे."

"ते फाटकवर लिखेल शे, ते?"

"हो, तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेरीवरून परत येत होते आणि ती कामाला येत होती. फाटकापाशीच गाठ पडली. ती पुठ्ठ्यापुढे उभी राहिली. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, "बाई, वाची दखाडा ना, काय लिखेल शे."

तिला माझ्यावर संशय होता म्हणून नव्हे. खरंच काय लिहिलंय ते तिला जाणून घ्यायचं होतं, एवढंच. मी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. पहिलं वाक्य होतं तसं वाचलं. दुसऱ्या वाक्याखालून बोट फिरवत मी वाचलं, "घरातील वापरलेले सर्व पाणी झाडांनाच द्यावे. ते बाहेर नेऊ नये."

आवाज जरासुद्धा हलला नाही. चाळीस वर्षं मी मुलांना अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचायला शिकवलं, आणि तेच बोट वापरून मी जिला वाचता येत नाही तिला खोटं वाचून दाखवलं. तिनं मान डोलावली. "नियम शे ते शे," म्हणाली, आणि माझ्यामागून घरी येऊन भांडी घासायला बसली.

त्या दिवसापासून धुवणाची बादली लॉनवर रिकामी व्हायला लागली. ओतायची तीच. मी खुर्ची टाकून बसायची आणि कुठला कोपरा राहिला ते सांगायची. लॉन हिरवं राहिलं. लोक थांबून बघायचे. समितीच्या बैठकीत माझं उदाहरण दिलं गेलं की मनात आणलं तर नियम पाळूनही बाग राखता येते. पुण्याला मुलीला फोटो पाठवला. तिच्या सासूबाईंनी उलट फोन करून कौतुक केलं. ते कौतुक मी दोन्ही हातांनी घेतलं, आणि संध्याकाळी नवऱ्याला परत एकदा सांगितलं.

बकरीचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

एप्रिलच्या शेवटी तिनं दोन दिवसांची सुट्टी मागितली. खांडबाऱ्याजवळ तिचं माहेर आहे, तिकडे बकरी ठेवायची होती. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. भांड्यांत हात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तठेबी विहिरी सुक्या शेत. भाऊ नही म्हने. मंग बाजारमां इकी टाकी."

"गाभण होती ना?"

"व्हती. काय करू?"

त्या वेळी सगळेच जनावरं विकायला काढत होते, बाजारात कुणी धड विचारत नव्हतं. मी "अगं बाई" म्हटलं. चहा दिला. सोबत बिस्किटं दिली, एरवी देत नाही ती. तिनं ती पदरात बांधली. काम संपवून तिनं धुवणाची बादली उचलली आणि लॉनवर नेऊन ओतली. मी घरात निघून गेले.

आठवडाभरानं भाऊ रनाळ्याहून दादर घेऊन आला. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. चहा पिता पिता त्यानं अंगणात पाहिलं आणि भुवया चढवल्या. "हाई हिरवं कसं काय? पानी कोठून देस?"

मी वापरलेल्या पाण्याचं सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येडी का काय? हरळीले पानी कसाले देस? हरळी कधी मरस का? वरथून सुकी जास, खाले जित्तीच ऱ्हास. आबानी जाळी, खनी, उन्हायाभर तपाडी. मरनी का?"

तो सहज बोलून गेला आणि पुढे मिरचीच्या भावावर घसरला. मी हातातला कप खाली ठेवला. आबा कुदळीनं हात-हातभर खणून हरळीच्या काड्या काढायचे, बांधावर ढीग घालून चैत्र-वैशाखात वाळवायचे, पेटवून द्यायचे, आणि आषाढात तीच हरळी कापसाच्या ओळीत परत हजर व्हायची. लहानपणी त्या काड्या वेचून वेचून माझी बोटं सोलली होती. हे मला ठाऊक होतं. शेतकऱ्याची पोर मी. नर्सरीतून तिला लॉन म्हणून आणली आणि ती हरळी आहे हेच विसरले. जे गवत आबांना मारून मेलं नाही, ते जगवायला मी एका गाभण बकरीच्या तोंडचं पाणी काढून घेतलं होतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. भावाला मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी तिला म्हटलं, "आजपाईन धुवण तूच ली जाय. लॉनले नको टाकू."

ती म्हणाली, "कोनासाठे नेऊ बाई? बकरी कोठे शे?" मग जरा विचार करून, मलाच समजावल्यासारखी, "नि नियम शे ना. तुम्हीच वाची दखाडं. मी ते भिलाटीमां बठ्ठास्ले सांगी दिधं. बाईनी सोता वाचं, म्हनं."

"बठ्ठास्ले म्हंजे कोनले?"

ती बोटांवर सांगायला लागली. मागच्या गल्लीत काम करणारी तिची जाऊ. कोपऱ्यावरच्या दोन घरांत जाणारी म्हातारी. समोरच्या मिरचीवाल्यांकडची. त्यांनीही महिनाभर धुवण नेलं नव्हतं. त्यांच्या मालकिणी घ्या म्हणत होत्या, या नको म्हणत होत्या. दंड होईल अशी त्यांना भीती होती. ते सगळं धुवण मोरीत जात होतं.

मी चप्पल घातली आणि म्हटलं, चल माझ्यासोबत. भर दुपारी आम्ही दोघी फाटकाशी गेलो. पुठ्ठ्याची शाई उन्हानं फिकी झाली होती, पण अक्षर स्पष्ट होतं. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. झाडांना. पाणी. द्यायचेच. असल्यास. घरातील. वापरलेले पाणी द्यावे. मग अहिराणीत अर्थ सांगितला, की झाडाला पाणी घालायचं असलं तरच हे, नाहीतर वापरलेलं पाणी कुणीही कुठेही न्यावं, त्याला कुठलीच बंदी नाही, आणि कधीच नव्हती.

तिनं लक्ष देऊन ऐकलं. पदरानं मानेवरचा घाम पुसला. पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला फक्त नीट समजत नव्हतं.

"मंग बाई," ती म्हणाली, "त्या दिनले तुम्ही काय वाचेल व्हतं?"

माझं बोट अजून पुठ्ठ्यावरच होतं. ते मी खाली घेतलं.