एका सनईसाठी साठ वाद्यं

गाणी बनवायचं सॉफ्टवेअर पैसे भरून घेणारा अख्ख्या मीरा रोडमध्ये एकच माणूस असावा, आमचे पॅकेजमामा. बाकीचे स्टुडिओवाले कॉपी केलेल्या सीडीवर खूश होते. मामांनी मात्र पीएफ काढून खरा डबा आणला आणि त्याची पावती फ्रेम करून देवांशेजारी टांगली. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या त्यांच्या बेडरूममध्ये, कपाट आणि पलंगाच्या मधे, स्टुडिओ होता.

त्या डब्यात कॉम्प्युटरवर वाजणारी अठरा वाद्यं एकत्र यायची. एखादं नको म्हटलं तरी किंमत तेवढीच. म्हणून मामांच्या प्रत्येक गाण्यात अठराच्या अठरा असत. ‘पैसे भरलेत ना? मग वाजलंच पाहिजे.’ आरतीतसुद्धा बॅगपाइप शिरायचा. एका भजनीबुवांनी विचारलं, ‘हे मधेच काय रेकतंय?’ मामा शांतपणे म्हणाले, ‘बुवा, ते पॅकेजमध्ये आलंय.’ बुवांनी वर दहा सीड्या जास्त नेल्या.

मी त्यांच्याकडे कोरसमध्ये गायचे आणि एकटीच्या गाण्यासाठी झुरत होते. काशीगावच्या हिराआत्यांना लेकीच्या हळदीचं गाणं हवं होतं, आणि त्यांना माझा आवाज आवडला. पण अठरांत सनई नव्हती. ‘सनय न्हाय तं हलद कशी चढंल?’ म्हणत आत्या उठल्या. आठवड्याची मुदत देऊन गेल्या.

ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने सनईची कॉपी फुकट देऊ केली. मामांनी हात जोडले. ‘चोरीची सनई लग्नात वाजवू?’ दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून दुकानात गेले आणि मोठा डबा काखेत घेऊन चालत परत आले.

‘सुटी सनई महाग पडत होती गं. साठ वाद्यांचं पॅकेज थोडंच जास्त.’

‘आणि स्कूटर?’

‘ती एकच होती. ही साठ आहेत.’

मला रडूच फुटलं. ‘सुरात रड, माइक चालू आहे,’ मामा म्हणाले.

साठ नवी आणि जुनी अठरा रुसू नयेत म्हणून तीही, असं करत गाणं अकरा मिनिटांचं झालं. मांडवात नवरीची हळद वाळली तरी ते चालूच. ‘मामा, कंदी संपंल?’ हिराआत्यांनी विचारलं. मामांचं उत्तर ठरलेलं होतं. तेवढ्यात बॅगपाइप सुरू झाला, आत्यांनी पदर खोचला आणि सगळा मांडव नाचायला लागला. मामा डब्यावरची यादी बघून एकेका वाद्यापुढे खूण करत होते.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. परवा काशीगावात हिराआत्यांच्या नातीची हळद होती. डीजेवाल्याने आमचं गाणं कापून तीन मिनिटांचं करून आणलं होतं, नुसती सनई आणि माझा आवाज. खरं सांगते, ऐकायला फार छान वाटलं. संपल्यावर आत्या खुर्चीतून ओरडल्या, ‘बाकीचा कुटं हाय? मामानं पैसं भरलंत. वाजलाच पायजे.’

मी पर्समधून अकरा मिनिटांची सीडी काढून दिली. बॅगपाइप आला तेव्हा सगळ्यांत आधी मी उठले.