पिठानं काढलेलं गाव

ओल्या शेणाचा वास आला की मला ते खळं आठवतं. स्वराज्य यायच्या आधीची गोष्ट. धानाची मळणी संपली होती आणि गावची जमीन ज्याच्या मालकीची त्या मालगुजाराचा नागपुरात शिकलेला मुलगा सारवलेल्या खळ्यावर तांदळाच्या पिठानं उद्याचं गाव काढत होता. सगळ्यांचं एक कोठार, एक शाळा, आम्हीसुद्धा पाणी भरू अशी एकच विहीर. माणूस चांगला होता, म्हणूनच राग येतो. गावाबाहेर राहणारे आम्ही काठावर उभे होतो. आईनं विचारलं, "मालक, आमचे घरं कुठी राहतीन जी?" तो सहज खळ्याबाहेर गेला आणि धुळीत चिमूटभर पीठ टाकून म्हणाला, "हे इथं." आई म्हणाली, "मंग नवं काय हाय जी?" संध्याकाळपर्यंत वाऱ्यानं ते पीठ नेलं. पुढं स्वराज्य आलं. आमचं घर अजून तिथंच आहे.