जाऊन-येऊन एकच कॅसेट

बँकेत मी प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवणारी बाई म्हणून बदनाम आहे. त्याच बाईने वडिलांचे व्हिडिओ एकाच फोनमध्ये ठेवले आणि फोन बदलताना दुकानदाराने "सब क्लियर कर दूं?" विचारल्यावर खुशाल मान डोलावली. वडील जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्यांना कॅमेऱ्याचा तिटकारा, म्हणून व्हिडिओ होते चारच. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एकदा भाजी निवडताना मात्र ती हळूच म्हणाली, "त्यासना आवाज आते माले आठवत नही."

त्या दिवसापासून मी घर उपसायला काढलं. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, अगदी तळाशी, मफलरमध्ये गुंडाळलेली एक कॅसेट निघाली. आईने ती लांबूनच ओळखली.

"हाई तर गाडीमा हरायनी व्हती!"

लग्नानंतर पहिली काही वर्षं वडील इथे उधन्यात कापडाच्या लूमवर कामाला होते आणि आई नंदुरबारकडच्या गावी, सासरी. तिला लिहिता येत नव्हतं. आमच्या खानदेशी लोकांत तेव्हा कॅसेट पाठवायची रीत होती. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर बोलायचं आणि गावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत कॅसेट द्यायची. उत्तर त्याच कॅसेटवर, आधीचं पुसून यायचं. त्यात काटकसर होतीच, पण खरं कारण लाज. नवरा काय बोलला ते सासूच्या कानावर गेलं तर तोंड कुठे लपवायचं? म्हणून आई एकदाच ऐकायची आणि लगेच त्यावर स्वतःचं बोलून टाकायची. मग एकदा वडिलांनी कळवलं की कॅसेट गाडीत हरवली, दुसरी पाठवतो. त्या दुसरीवर पुढे भजनं भरली गेली. आणि पहिलीवरून वडिलांना जन्मभर ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी चष्मा विसरला, किल्ली विसरली की आई सुरू व्हायची, एक कॅसेट सांभाळता आली नाही ह्या माणसाला.

ती कॅसेट आता आमच्या पुढ्यात होती. तिच्यावर शेवटी कोण बोललं होतं, हे आईला काही केल्या आठवेना.

उधन्यात एक जुने रेडिओवाले काका आहेत. हल्ली मिक्सर दुरुस्त करतात, पण टेप जपून ठेवलाय. आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी कॅसेट उजेडात धरली. आतल्या पट्टीवर पांढरी बुरशी होती. मग ती उलटी करून पाठीवर बोट फिरवत म्हणाले, "आ बे दांत कोईए जाणी जोईने तोड्या छे." म्हणजे कुणीतरी मुद्दाम मोडलेले. पाठीवरचे ते दोन बारीक दात मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, एवढं मला माहीत होतं. मी नुसतं "हं" केलं. माझा जीव त्या बुरशीत अडकला होता.

"बेन, एक ज वार चालशे. पछीनी गॅरंटी नथी. वच्चे अटकावशो नहीं."

एकदाच, आणि मध्ये थांबवायचं नाही. त्यांनी टेपची वायर माझ्या लॅपटॉपला जोडली. मी तीनदा तपासलं की आवाज भरला जातोय ना. काकांनी बटण दाबलं.

आधी नुसती घरघर. मग एका पोरसवदा बाईचा घाबरट आवाज आला. "ऐकू येस का? मी बोली ऱ्हायनू. पोरले पहिला दात उना..."

तो दात माझा. पण माझं लक्ष आईकडे होतं. तिचा चेहरा उतरत गेला.

"हाई तर मीच शे," ती म्हणाली. "बंद कर."

मी हलले नाही. म्हशीचं झालं, विहिरीचं झालं, नणंदेच्या लग्नाचं झालं. मला त्या बोलणाऱ्या पोरीचा राग येत होता. किती बोलशील, बाई! एकेक वाक्यागणिक ती माझ्या बापाला पुसत होती.

"बंद कर म्हनस ना!" आईने टेपकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं. एवढ्या जोरात मी तिला कधी धरलं नव्हतं. पट्टी कुरकुरली, आवाज ओढल्यासारखा झाला. काका श्वास रोखून वाकले. कॅसेटमधली आई म्हणाली, "बस, आते ठेवस," आणि खट्ट झालं.

ती थांबली होती, पण पट्टी अजून शिल्लक होती. तिचं बोलणं वडिलांपेक्षा कमी भरलं असेल तर? मी मनगट सोडलं नाही.

एकदम लूमची खडखड सुरू झाली. तिच्यावरून, ओरडून बोलणारा, माझ्या नवऱ्याहूनही लहान वयाचा एक माणूस.

"...तब्येत सांभाळजो. आनि हाई ऐकी लिन्हं का पुसी टाकजो. कोणले ऐकू देऊ नको."

पट्टी संपली. लॅपटॉपवर सगळं उतरलं होतं. मी त्याच्या दोन प्रती केल्या, मग तिसरी केली.

आईने कॅसेट मागून घेतली. मोडलेल्या दातांच्या जागी ती अंगठा फिरवत राहिली.

"माले सांगेत, पुसी टाक," ती म्हणाली. "आनि मन्हा आवाज पेटीमा लपाडी ठेयेल व्हता."

मग कॅसेट पदरात गुंडाळत म्हणाली, "आनि मी त्यासले जन्मभर बोलनू."