चौथी फळी

पूर ओसरला की गाळ आठवड्याभरात उपसून होतो, किस्से मात्र दरवर्षी साठतच जातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या नदीकाठच्या पेठेने दोन हजार सालच्या सुमारास ठरवलं, की प्रत्येक दाराला लोखंडी खाचा करायच्या आणि पाणी चढायला लागलं की त्यात फळ्या सरकवायच्या. खाचांचं वेल्डिंग माझं, फळ्या लतीफ सुताराच्या आणि सल्ला पुस्तकवाल्या बापूकाकांचा, न मागता.

काकांच्या उत्साहाला कारण होतं. आधीच्या पुरात त्यांच्या शाळेच्या पुस्तकांचा लगदा झाला होता. "आणखी एकदा पाणी शिरलं, की दुकानाला कुलूप," असं ते सगळ्यांना सांगून बसले होते.

माप द्यायला काका छत्री घेऊन आले. "माझं दार बरोब्बर दीड छत्री." लतीफने त्या छत्रीने फळ्या कापल्या, त्या आखूड! काकांनी दार मोजलं होतं जुन्या छत्रीने, आणली होती नवी. "हल्ली छत्र्यासुद्धा कंजूष निघतात," काका म्हणाले. लतीफने दुसऱ्या फळ्या कापल्या.

फटी बुजवायला सायकलच्या जुन्या ट्यूबा वापरल्या. जुन्या संपल्या, तेव्हा आमचे हेडमास्तर आठवडाभर सायकल हातात धरून शाळेत जात होते. त्यांची पुढची ट्यूब त्यांच्याच मेव्हण्याच्या दाराला लागली होती.

मे महिन्यात रंगीत तालीम केली. गणपतीपुळ्याला निघालेलं एक कुटुंब फळ्यांवरून चढून काकांकडे नकाशा घ्यायला आलं. "इथे दुकानात असंच यायचं का हो?"

"गिऱ्हाइकांनी असंच. पाण्याला मज्जाव आहे."

पहिल्या मोठ्या पावसात नदी काठातच राहिली, पण किराणावाल्याची कौलं गळली. बाहेर रस्ता मोकळा आणि आत घोटाभर पाणी, कारण फळ्यांतून थेंब बाहेर जाईना. तो लतीफला म्हणाला, "काम फारच चांगलं केलंस रे."

आणि मग ती जुलैची सकाळ, नदी पेठेत शिरली. काकांच्या समोरच्या सुमनताईंकडे शाळेचे शिवलेले सगळे युनिफॉर्म होते. त्यांचं जोतं उंच, म्हणून सगळ्यांना चार, तरी त्यांना तीनच फळ्या दिल्या होत्या. पण त्या उन्हाळ्यात डांबर घालून रस्ताच वर आला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही सगळे आपापल्या दाराशी धावत होतो.

पाणी उतरल्यावर पाहिलं, तर ताईंचं दुकान कोरडं, दाराला चार फळ्या. काकांच्या दाराला तीन, आणि आत खालची दोन कपाटं भिजलेली. काका दोरीवर पुस्तकं वाळत घालत होते. मला रागच आला.

"काका, ती फळी आत्ताच्या आत्ता परत आणा. आणखी पाऊस आहे."

"आणून काय करू? तिचं दार अरुंद. चार बोटं कापलीय मी ती."