शकूमावशीची रिकामी पाकिटं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच – ती शिरगावच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत मला "आमची कॅन्सरची डॉक्टर" म्हणून मिरवते, आणि मी तिला थांबवत नाही. मी औषध देणारी डॉक्टर नाही हो. रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करते. म्हणजे – पेशंट गोळ्या घेतात की नाही, ते बघते. एवढंच माझं काम होतं. आणि एवढंही मी नीट केलं नाही.

या आजाराचा एक प्रकार असा असतो की रोज एक गोळी घेतली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, कामावर जातो, नातवंडं खेळवतो. पण रोज. खाडे केले की आजार डोकं वर काढतो. म्हणून मी नियम केला – दर महिन्याला तपासणीला येताना पेशंटनी गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन यायची. पाकीट रिकामं म्हणजे गोळी पोटात गेली. केवढी हुशार मी!

शकूमावशी मोरिवलीची. नात्यातली नव्हे, पेशंट. पण पहिल्याच दिवशी "जयभीम बाळा" म्हणून हात धरला, मग मावशीच झाली. घरात ती आणि मुलगी प्रज्ञा. मावशी जवळच्याच कंपनीत पॅकिंगला जायची. तिची पाकिटं कायम रिकामी, वर रबर लावलेलं. माझी सगळ्यात गुणी पेशंट. माझ्या पीएचडीच्या गाईड सरांना – तेच तिला औषध लिहून द्यायचे – मी कौतुकाने सांगायचे.

एकदा तिचा रिपोर्ट द्यायला घरी गेले. ती दूध आणायला बाहेर पडली, मी म्हटलं तोवर चहा टाकते. साखरेचा समजून डबा उघडला – आत गोळ्या. अर्धा डबा भरून.

ती दारात येऊन उभी. रडली नाही, उलट चिडली. "गोळी घेतली की ओकारी येते गं! लाइनवरनं सारखी उठले तर सुपरवायझर घरी बसवेल. रविवारी घेते ना मी!" मग आवाज खाली आला. "सरांना सांगू नको. फुकट गोळ्यांच्या यादीतनं माझं नाव काढून टाकतील." टाकून का नाही दिल्या, विचारलं. म्हणाली, औषध कुणी फेकतं का?

आता तुम्हाला वाटेल, मला दया आली म्हणून मी गप्प बसले. मीही स्वतःला बरेच दिवस हेच ऐकवलं. खोटं आहे ते. ओकारीवर उपाय होता – गोळीची वेळ बदलायची, जोडीला उलटीचं औषध द्यायचं. सरांना एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. पण माझी सगळी पीएचडी त्या रिकाम्या पाकिटांवर उभी होती. एका घरात असा डबा निघाला, तर बाकीच्यांच्या घरी काय? सगळं पहिल्यापासून करायचं? मला घाई होती. आणि लाज वाटत होती.

पुढच्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला आला. सरांनी मला विचारलं, गोळ्या नियमित आहेत ना? मावशी माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, हो सर.

औषध लागू पडत नाही असं ठरलं. दुसरं, जास्त कडक औषध सुरू झालं – त्याचीही पाकिटं रिकामीच येत राहिली, आणि मी मुकाट्याने लिहून घेत राहिले. कोणाला फसवत होते मी? आजार उसळला आणि मावशी गेली. पीएचडी झाली. पेढे वाटले मी – लाज नाही मेलीला.

मागच्या महिन्यात अंबरनाथला, शिवमंदिराजवळच्या रिक्षा स्टँडवर प्रज्ञा भेटली. सोबत तिची काकी. काकींना तोच आजार निघालाय, तीच गोळी लिहून दिलीय. प्रज्ञा त्यांना समजावत होती, "काही फायदा नाही त्या गोळ्यांचा. माझ्या आईने एक दिवस चुकवला नाही, तरी गेली. विचार या ताईंना, त्यांनी स्वतः तपासलंय."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्ही घ्या, काकी. रोज घ्या." का घ्या, ते सांगितलं नाही. रिक्षा आली आणि त्या दोघी बसल्या.

परवा कळलं, काकींनी गोळी सुरूच केलेली नाही. प्रज्ञाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी अजून लावलेला नाही.