लाल वाईनची तीन कोटेशनं

माझ्या भाचीचं लग्न ठरायला तीन रविवार लागले. त्यांतल्या पहिल्या दोन रविवारी मुलाचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही संबंध आला नाही.

मुलगा शीळफाट्याहून कल्याणकडे येताना आत वळणाऱ्या एका गावातला. घरची शेती बरीचशी रस्त्यांत गेली होती. उरलेल्या जागेवर त्याच्या वडिलांनी रीतसर परवाना काढून छोटी वायनरी सुरू केली. नाशिककडून द्राक्षं आणायची आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाल वाईन करायची. वडील वारल्यावर मुलगा आणि त्याची आई ती चालवू लागले. भाची वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत खाण्यापिण्याचे नमुने तपासते. मुलगा वाईनचे नमुने घेऊन तिथे यायचा. ओळख तिथली.

तिने घरी सरळ सांगितलं. लग्न करीन तर याच्याशीच, पण बाबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय नाही. म्हणजे सगळं भावोजींच्या होकारावर येऊन थांबलं.

भावोजी पंपाच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होते. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही विकत घेतलं नाही. कंपनीसाठी नाही आणि डोंबिवलीच्या घरासाठीही नाही. घरातला गिझर, गॅलरीची जाळी, ताईच्या गुडघ्याचा पट्टा, प्रत्येक वस्तूमागे तीन कोटेशनं आणि एक तुलनात्मक तक्ता होता. तक्ते फायलीत लावलेले होते. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, पद्धत सुटली नाही.

"मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण पोट ज्या मालावर आहे तो माल कसा आहे?"

"अहो, मुलगी द्यायचीय. वाईन घ्यायची नाहीये," ताई म्हणाली.

"माल बसला की घर बसतं. वागळे इस्टेटमध्ये बंद पडलेल्या कंपन्या मी मोजल्यात. सुरुवात कायम मालापासून होते."

"मग जा आणि चाखून या एकदाची."

"एका कोटेशनवर मत देता येत नाही."

ठरलं असं की आधी आसपासच्या दोन घरगुती वायनऱ्या पाहायच्या आणि मग मुलाचं घर. अडचण एकच होती. भावोजींनी आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा ते बाटलीवरचा बारीक मजकूर वाचून घेत. त्यामुळे चाखण्याचं काम माझ्याकडे आलं.

"तू पत्रकार. तुम्ही लोक पिताच."

"मी दोनदा प्यायलोय, भावोजी. दोन्ही वेळा बियर."

"म्हणजे अनुभव आहे."

त्यांनी तक्ता छापून आणला. रकाने असे होते: रंग, वास, चव, स्वच्छता, मालकाचं बोलणं, गाडी लावायला जागा. प्रत्येकी दहा गुण. शेवटी शेरा.

पहिल्या रविवारी आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला एका बंगलीत गेलो. मालक निवृत्त दंतवैद्य होते. तळमजल्यावरचा दवाखाना बंद करून तिथे त्यांनी वाईन करायला घेतली होती. एक्स-रेच्या खोलीत टाक्या होत्या, कारण तिथे प्रकाश येत नसे. दाताची खुर्ची मात्र काढली नव्हती. ती जमिनीत बसवलेली होती, आणि काढली तर फरशी फुटेल असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं होतं. येणाऱ्याने त्या खुर्चीत बसूनच वाईन चाखायची.

मी बसलो. डॉक्टरांनी पायाने खटका दाबून मला मागे झुकवलं आणि वरचा दिवा लावला. रंग दिव्यात नीट दिसतो, असं ते म्हणाले. त्यांच्या पत्नीने माझ्या गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला.

"घोट घ्या. आता फिरवा. डाव्या दाढांकडे न्या. दुखतंय का?"

मी मान हलवली.

"सवय आहे हो त्यांना, विचारल्याशिवाय राहवत नाही," पत्नी म्हणाल्या.

"पाच मोजा. थुंका."

मी खुर्चीला जोडलेल्या बेसिनमध्ये थुंकलो. पाणी आपोआप सुटलं आणि लाल रंग गोल फिरत खाली गेला. वाईन गिळायची नसते, हे मला तिथे कळलं. जाणकार चाखतात आणि थुंकतात. गिळलं तर पुढच्या घोटाची चव कळत नाही. भावोजींना ही पद्धत फार आवडली. मालाची तपासणी करायची, पण माल वापरायचा नाही, हे त्यांच्या खात्याच्या नियमांत बसत होतं. डॉक्टरांनी चार प्रकारच्या लाल वाईन दिल्या. मी चारही वेळा पाच मोजून थुंकलो. निघताना त्यांनी मला उजवीकडची खालची दाढ दाखवून घ्यायला सांगितली. भावोजींनी स्वच्छतेला दहापैकी दहा दिले.

दुसरा रविवार कल्याणच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला. तिथे दोन भाऊ एकाच शेडमध्ये वाईन करत होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. शेडच्या मधोमध चुन्याची रेघ होती. दोन्ही बाजूंना एकेक टेबल, एकेक बादली. बादली थुंकण्यासाठी.

"आधी माझी घ्या," रेघेच्या अलीकडचा थोरला म्हणाला. "पलीकडची घेतल्यावर जिभेला काही कळणार नाही."

"आई, त्यांना सांग, जीभ त्यांची आहे," धाकटा म्हणाला. तो आईशी बोलत होता. आई रेघेवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली होती.

मी अलीकडची चाखली, थुंकलो. पलीकडे गेलो, चाखली, थुंकलो. पुन्हा अलीकडे आलो. दोन्हींत मला काही फरक कळला नाही. मी भावोजींच्या कानात तसं सांगितलं. भावोजी शेडमागे जाऊन आले. दोन्ही बाजूंचे नळ मागे एकाच टाकीला जोडलेले होते.

"ही टाकी कोणाची?" त्यांनी आईला हळूच विचारलं.

"माझी," आई म्हणाली. "वेगवेगळी करायला गेले तेव्हा दोघांचीही बिघडली. आता मीच करते. ते दोघं बाटल्या भरतात आणि भांडतात. तुम्ही बोलू नका."

"त्यांना माहीत नाही?"

"शेडमागे कधी कोणी गेलंय? मागे गेलं की काम पडतं."

परतीच्या वाटेवर भावोजींनी गाडीतच तक्ता काढला. त्यांच्या खात्यात एकाच पत्त्यावरून आलेली दोन कोटेशनं एकच धरत. त्यांनीही ती एकच धरली आणि मालकाच्या बोलण्याचे गुण दोघांना अर्धे अर्धे दिले. मग म्हणाले, "थुंकणं तुला आता चांगलं जमतं. आवाज होत नाही."

तिसऱ्या रविवारी आम्ही चौघे मुलाच्या घरी गेलो. ताईने पेढे घेतले होते, पण ते पिशवीतच ठेवले होते. होकार असेल तर बाहेर काढायचे. भाची मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. शीळफाट्याला गाडी अडकली तेव्हा तिने एकदाच विचारलं, "बाबा, तुम्ही ठरवून आलाय का?"

"तपासणीआधी ठरवत नाहीत."

मुलाच्या आईने दारात पायांवर पाणी दिलं. पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. शेड दाखवली. टाक्यांना झेंडूच्या माळा होत्या आणि प्रत्येकीवर हळदीकुंकू. मी चाखण्याची जागा शोधत होतो. तशी जागा नव्हती. वाईन जेवणाबरोबरच येणार होती. ओटीवर पानं मांडली होती. कोंबडीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, भावोजींसाठी वेगळी वालाची भाजी. माझ्या पानाशेजारी स्टीलच्या पेल्यात लाल वाईन.

"तुमच्यासाठी टाकीतून आत्ताच काढलीय," मुलाची आई म्हणाली. "घ्या."

भावोजींनी तक्ता मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. मी घोट घेतला, फिरवला, डाव्या दाढांकडे नेला, पाच मोजले. मग लक्षात आलं की बेसिन नाही. बादलीही नाही. मी उठलो, ओटीच्या कडेला गेलो आणि अंगणात थुंकलो.

आवाज झाला नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. मुलाची आई हातात भाकरी घेऊन उभी होती.

"दारात थुकलात?"

"नाही, म्हणजे पद्धत आहे," मी म्हणालो.

"कोनाची पद्धत?"

"चाखण्याची," भावोजी म्हणाले. "गिळायचं नसतं. ठाण्याला दाताच्या डॉक्टरांकडेही हे असेच थुंकले. त्यांनी तर वरून पाणी सोडलं."

"दाताच्या डाक्टरकडे सगलेच थुकतात. हे घर हाय." तिने भाकरी टोपलीत परत ठेवली. "पाव्हनं, आमच्या दारात भांडाय आलेला मानूस पन पानी पिऊन जातो. थुकून कोन गेला नाय."

जेवण थांबलं. मुलगा खाली मान घालून बसला. "मामा," भाची म्हणाली. एवढंच. मी पेला उचलला आणि सगळा पितो असं सांगितलं.

"तुमी नको. तुमचं झालं." ती भावोजींकडे वळली. "पोरीचा बाप तुमी. घ्या आनि गिला. नाय तर पोरगी कुठल्या घरात देताव ते तुमाला कलनार कसं?"

"मी घेत नाही."

"आज?"

"आयुष्यात."

"मंग उठा जेवनावरून."

ताई म्हणाली, "अहो." भावोजींनी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. पानावरचं मीठ बोटाने सारखं करत होती. भावोजींनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. मग डावा हात उजव्या कोपराला लावला आणि उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला, देवळात तीर्थ घेताना करतात तसा. पेला तोंडाला लावणं त्यांना शक्य नसावं.

मुलाची आई क्षणभर थांबली. मग माझ्या हातातला पेला घेऊन वाकली आणि त्यांच्या हातावर धार सोडली. थोडी बाहीत गेली. भावोजींनी डोळे मिटून ती ओढून घेतली, गिळली, आणि सवयीने ओला हात डोक्यावरून मागे फिरवला. त्यांचे केस पांढरेशुभ्र होते. मधोमध लाल पट्टा उमटला.

"कशी हाय?" तिने विचारलं.

भावोजींनी वेळ घेतला. त्या वेळात ताईने माझा दंड धरला. खोटं बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि ते मालाबद्दल खोटं बोलत नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"आंबट आहे," ते म्हणाले. "बिघडलेली आहे. तक्त्यात तिघांत शेवटचा नंबर."

ताईने माझा दंड सोडला.

"बरोबर हाय," मुलाची आई म्हणाली. "ऐन उन्हात लाईट गेली, टाकी गरम झाली. सगली टाकी गेली. तुमच्या पोरीनंच नापास केली, तिला इचारा."

भावोजी वळले. "तू?"

"आंबटपणा मर्यादेच्या वर होता," भाची म्हणाली. "नमुन्यावर नंबर असतो, बाबा, नाव नसतं. कोणाचा ते नंतर कळलं."

"आधी कळलं असतं तर?"

"तरी नापासच."

"मग आज बाहेरून आणून भरता आली असती," भावोजी मुलाला म्हणाले. "आम्हाला कुठे कळणार होतं?"

"मी आईला म्हणालेलो तसं. दोन बाटल्या आणू, आपल्या पेल्यात ओतू. तिने मला दोन दिवस जेवायला वाढलं नाही."

"एक दिवस," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तूच रुसलास."

भावोजींच्या केसांतून एक थेंब कपाळावर उतरला. त्यांनी तो पुसला नाही. ते मुलाच्या आईकडे पाहत होते.

"तीस वर्षं मी माल नापास केला," ते म्हणाले. "प्रत्येक पुरवठादाराने मला शिव्या दिल्या. एकाने फाटकाबाहेर माझ्या स्कूटरची हवा काढली. आणि तुम्ही, ज्या मुलीने तुमची अख्खी टाकी नापास केली, तिलाच सून करून घेताय?"

"मग काय पास करनारी आनू? ती तर कुठं पन भेटंल."

कोणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण त्या घरात त्या दिवशी माझ्या तोंडातून आणखी काही बाहेर पडणं योग्य नव्हतं. भावोजींनी मांडीवरचा तक्ता उचलला, चौघडी घातली आणि कलंडणाऱ्या ताटाखाली टेकण म्हणून सरकवला. मग आपलं पान पुढे ओढलं.

"भाकरी थांबली का?" ते म्हणाले. "वाढा, विहीणबाई."

मुलाच्या आईने टोपलीवरचं फडकं काढलं. दोन भाकऱ्या त्यांच्या पानावर टाकल्या. "वालाची भाजी पन संपवायची हाय," ती म्हणाली, पण तिचा आवाज मघासारखा खणखणीत नव्हता. ताई पिशवी शोधू लागली. ती गाडीतच राहिली होती. मुलगा किल्ली घेऊन पळाला. भाची पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत नळ चालू असल्याचा आवाज येत होता. भावोजी भाकरी मोडून वालाच्या भाजीत बुडवत होते, आणि दर घासागणिक टाकी थंड ठेवायला काय करावं लागेल ते विहीणबाईंना समजावून सांगत होते.